नांगराला अनुदान, नांगराला दंड

मराठवाड्यातील दलितांच्या जमिनीच्या प्रश्नावर आजवर जे लिहिले-बोलले गेले, त्यात 'गायरान' हा शब्द बहुधा 'अतिक्रमण' ह्या शब्दाला जोडूनच येतो. कचेरीत तो तसा येतो, वर्तमानपत्रात तसा येतो, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्या कार्यकर्त्यांच्या निवेदनांतही तो तसाच येतो. 'आमची अतिक्रमणे नियमित करा' अशी मागणी आपण पन्नास वर्षे करीत आलो. मागणी करताना आपण अपराधाची कबुली आधी देतो आणि मग माफी मागतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. म्हणून मला हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून तपासावासा वाटतो. गवताची जमीन मोडा, तिच्यात धान्य पेरा, असे ह्या देशात शेतकऱ्याला प्रथम कोणी सांगितले?

सरकारने सांगितले. नुसते सांगितले नाही, त्यासाठी पैसा दिला.

१९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती पडला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम काढली. नगदी पिकांखालची जमीन धान्याखाली आणणे हा तिचा एक भाग होता; पडीक, गवताळ, न कसलेली जमीन नांगराखाली आणणे हा दुसरा. त्यासाठी कर्जे होती, अनुदाने होती, स्वस्त बियाणे आणि खत होते, विहिरींना मदत होती. स्वातंत्र्य आले, फाळणीने गव्हाचे मोठे मुलूख पलीकडे गेले, आणि मोहीम बंद होण्याऐवजी जोरात चालली. केंद्र सरकारने ट्रॅक्टरांची एक स्वतंत्र संघटनाच उभी केली. मध्य भारतातील काळ्या जमिनीत कांस नावाचे खोल मुळांचे गवत माजलेले असे. ते उपटून काढण्याचे काम ह्या ट्रॅक्टरांकडे होते. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला एक कोट डॉलरचे कर्ज दिले ते ह्याच यंत्रांसाठी. म्हणजे गवत मोडण्यासाठी हा देश परदेशी कर्जबाजारी व्हायलाही तयार होता!

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. इंग्लंडात महायुद्ध सुरू होण्यापूर्वी, १९३९ च्या उन्हाळ्यातच, कायमचे कुरण नांगरणाऱ्या शेतकऱ्याला एकरी दोन पौंड द्यायला सरकारने आरंभ केला होता. रशियात १९५४ पासून क्रुश्चेव्हने कझाकस्तानचा आणि सैबेरियाचा गवताळ प्रदेश नांगराखाली घातला व तेथे जाणाऱ्या तरुणांचा वीरांसारखा गौरव केला. भांडवलशाही असो की साम्यवाद, त्या काळी गवत मोडणारा माणूस हा राष्ट्राचे पोट भरणारा माणूस होता. ह्या धोरणाचे पुढे जमिनीवर जे परिणाम झाले, वारा माती घेऊन गेला, ते वेगळे. आज मला एवढेच दाखवायचे आहे की गवताची जमीन पेरणे ही कृती स्वतःहून गुन्हा कधीच नव्हती. ती कोणी केली ह्यावर तिचे नाव ठरले.

आता परभणीकडे येऊ.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादच्या महसुली कारभारात जमिनीचे जे प्रकार होते, त्यांची नावे आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून ऐकू येतात. गायरान म्हणजे गावच्या गुरांसाठी सोडलेली चराई. परमपोक म्हणजे सारा न बसवलेली, लागवडीबाहेरची सरकारी जमीन. खारीज खाता म्हणजे खातेदाराच्या नावावरून निघून सरकारजमा झालेली जमीन. आणि अशी सरकारी जमीन लागवडीसाठी एखाद्याच्या नावे करून देणे ह्याला म्हणत 'लावणी'. तमाशातली लावणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा शब्द कचेरीत भेटला की हसू येते. पण हैदराबादच्या भूमिहीनाच्या आयुष्यात ही दुसरी लावणी फार मोलाची होती. १९४० नंतरच्या दशकात, हायमेन्डॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ त्या सरकारचे आदिवासी व मागासवर्गीयांच्या बाबतीतील सल्लागार असताना, दुर्बळांना लिलावाशिवाय जमीन देण्याची खास लावणीची पद्धत वापरात आली. तिचा खरा लाभ आदिलाबादेकडच्या गोंडांना झाला. आमच्या गोदाकाठच्या महारामांगांपर्यंत ती किती पोचली हे गावोगावच्या जुन्या पट्ट्यांवरून पाहावे लागेल. पण तिच्यामुळे एक गोष्ट सिद्ध होते. पडीक सरकारी जमिनीवर पहिला हक्क भूमिहीनाचा, हे तत्त्व एका संस्थानी सरकारने कागदावर मान्य केले होते. लोकशाही सरकारला ते पुन्हा शिकवावे लागले.

कारण 'अधिक धान्य पिकवा' ह्या मोहिमेची रचनाच अशी होती की ती आधीपासून जमीन असलेल्या माणसापाशी जाऊन थांबे. अनुदान विहिरीला, म्हणजे ज्याच्या शेतात विहीर खोदता येते त्याला. कर्ज तारणावर, म्हणजे ज्याच्याकडे तारण आहे त्याला. बियाणे सातबाऱ्यावर. कृष्णम्माचारी समितीने १९५२ मध्ये ह्या मोहिमेची चौकशी केली व तिचा लाभ फार थोड्या खेड्यांपर्यंत पोचला असे म्हटले. मग सामूहिक विकास योजना आली, विस्तार सेवा आली, ग्रामसेवक आले. पण गावातल्या कोणाला हे मिळाले नाही, तो कोणत्या वस्तीत राहत होता, हा प्रश्न त्या चौकशीच्या केंद्रस्थानी नव्हता. भूमिहीनाला धान्य पिकवायला सांगणे आणि जमीन मात्र न देणे, ह्यातली विसंगती दिल्लीत कोणाला खटकली नाही असेही म्हणता येणार नाही. एकाला ती खटकली होती.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' ह्या मसुद्यात सरकारी पडीक जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती वसवाव्यात आणि त्यासाठी वसाहत आयोग नेमावा अशी मागणी केली. १९५४ मध्ये राज्यसभेत बोलताना ते आणखी पुढे गेले. रद्द झालेला मिठावरचा कर पुन्हा बसवा, तो पैसा वेगळ्या निधीत ठेवा आणि त्यातून अस्पृश्यांना पडीक जमिनीवर वसवा, असे त्यांनी सुचविले. निधीला गांधींचे नाव द्यायलाही त्यांची हरकत नव्हती. ह्या सूचनेतला उपरोध बाजूला ठेवला तरी तिच्यातला हिशेब पाहण्याजोगा आहे. जमीन मोडायला पैसा लागतो. धोंडे वेचायला, बांध घालायला, बैल घ्यायला, पहिले पीक येईतो पोट भरायला पैसा लागतो. नुसता पट्टा देऊन भागत नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. सवर्ण शेतकऱ्याला विहिरीसाठी अनुदान लागते, तर ज्याच्याकडे बैलही नाही त्याला ते का लागू नये?

तो निधी झाला नाही. मग माणसे स्वतःच उठली. १९५३ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने मराठवाड्यात पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने खानदेश, नाशिक, मराठवाडा असा मोठा लढा दिला. पुढे १ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली गेली आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली असे चळवळीच्या लेखनात नोंदलेले आहे. आजच्या विद्यार्थ्यांना दलित चळवळ म्हणजे साहित्य, राखीव जागा आणि नामांतर असे वाटते; ह्या तीन लाखांत बहुसंख्य शेतमजूर होते आणि त्यांची पहिली मागणी जमीन ही होती, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

सत्याग्रह संपल्यावर काय झाले, ते इतिहासाच्या पुस्तकांत नाही. ते तलाठ्याच्या दप्तरात आहे.

परभणी जिल्ह्याचा उतार ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे पटकन कळेल. गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्यांच्या काठची जमीन काळी, खोल, कापसा-ज्वारीची. उत्तरेस जिंतूरकडे आणि दक्षिणेस गंगाखेडकडे जमीन वर चढते, मुरमाड होते, बरड होते. गायरान बहुधा अशा चढावर असते. तेथे पवन्या आणि मारवेल हे चांगले गवत थोडे, कुसळीच जास्त. गावाने जी जमीन पिकाच्या लायकीची मानली नाही ती गुरांना दिली, आणि जी गुरांनाही पुरेशी नव्हती तिच्यात महार-मांगांनी नांगर घातला. नांगर तरी कसला! पहिली दोन वर्षे कुदळ आणि पहार. घरातल्या बायका टोपलीने धोंडे वेचून बांधावर रचत. असे बांध मी गंगाखेड तालुक्यात पाहिले आहेत. छातीएवढे उंच आहेत, आणि त्या वावराची मशागत कोणी केली ह्याचा त्याहून सरळ पुरावा मला माहीत नाही.

ह्या मशागतीची सरकारदरबारी नोंद झाली. गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणांची नोंदवही. कोणी, कोणत्या गटात, किती क्षेत्र, कोणत्या सालापासून, काय पेरले, किती दंड केला, हे सारे तिच्यात असते. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे पन्नासावे कलम सांगते की सरकारी जमिनीवर अनधिकृत कब्जा करणाऱ्याला काढून टाकता येते, त्याच्याकडून सारा आणि दंड घेता येतो, उभे पीक सरकारजमा करता येते. म्हणजे खाली काळ्या रानात ज्वारी पेरणाऱ्याला बियाण्यावर सवलत, आणि वर बरडावर तीच ज्वारी पेरणाऱ्याला दंड. धान्य दोन्हीकडे एकच. गावच्या बाजारात दोन्ही ज्वाऱ्या एकाच मापाने विकल्या जात.

पण येथे एक विलक्षण उलटापालट झाली. ज्यांची जमीन अशी होती त्या वृद्धांशी बोलताना मी ती पुन्हा पुन्हा ऐकली. तलाठी दंडाची पावती फाडीत असे, ती ह्या लोकांनी जपून ठेवली. पत्र्याच्या पेटीत, दीक्षाभूमीहून आणलेल्या फोटोखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. कारण सरकारने दंड केला ह्याचा अर्थ त्या साली त्या वावरात आपण होतो. काही वर्षांनी लोकच तलाठ्याकडे जाऊन दंड करा म्हणू लागले, आणि पावती द्यायला तलाठी टाळाटाळ करू लागला! दंड हा शिक्षा राहिला नाही, तो दस्तऐवज झाला. ह्या देशात आपल्याच शिक्षेची पावती हीच ज्याची मालमत्ता, असा दुसरा शेतकरी नसेल.

पावतीला किंमत आली ती दोन शासननिर्णयांनी. १९७८ च्या अखेरीस सरकारने ३१ मार्च १९७८ पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. दुसरा निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा. त्याने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० ह्या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याची सोय केली. शेवटची तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची आहे, हे सांगायला नको.

१९७८ हे साल मात्र केवळ शासननिर्णयाचे नाही. त्याच वर्षी २७ जुलैला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतल्या बौद्ध वस्त्यांनी जे सोसले ते ह्या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे की विद्यापीठाच्या पाटीशी ज्यांचा कधी संबंध आला नाही, अशा शेतमजुरांची घरे का जाळली गेली ह्याचे उत्तर विद्यापीठात सापडत नाही. गायरान कसणारा मजूर पाटलाच्या रानात भल्या पहाटे हजर होत नाही. त्याच्या घरात चार पोती ज्वारी असली तर तो मजुरीचा दर विचारतो. ही चार पोती गावाला विद्यापीठाच्या नावाहून जास्त टोचत होती, असे माझे मत आहे.

नियमित झालेली जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारच्या परवानगीवाचून विकता न येणारी. त्याला माझी हरकत नाही. विकता आली असती तर ती कधीच सावकाराकडे गेली असती. हरकत ही की ज्यांचे अर्ज तहसिलीत पडून राहिले त्यांची संख्या निकाली निघालेल्यांपेक्षा आमच्या भागात कितीतरी अधिक दिसते. कोठे मोजणी झाली नाही, कोठे एक-ईचे पानच सापडत नाही, कोठे गावाने गायरान कमी होते म्हणून ठराव विरुद्ध केला. तो ठराव करणाऱ्यांपैकी कित्येकांनी आपापला बांध कोरीत कोरीत गायरानात नेलेला असतो. बांध कोरणाऱ्याचे नाव एक-ई मध्ये मी क्वचितच पाहिले. त्याचे अतिक्रमण हळूहळू होते आणि त्याचा सातबारा आधीपासून असतो, म्हणून ते शेती समजले जाते.

आणि सातबारा नसणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. १९७० नंतरच्या काळात शेतीला मिळणारा सरकारी पैसा शेकडो वाटांनी येऊ लागला. जायकवाडीचा डावा कालवा पाथरी-मानवत-परभणीकडे आला. येलदरीचे पाणी पूर्णेच्या काठाला मिळाले. १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ निघाले. पीककर्ज, पीकविमा, पंपाची वीज, विहिरीचे अनुदान, दुष्काळाची मदत, आणि २०१९ पासून वर्षाला सहा हजार रुपयांचा किसान सन्मान निधी. ह्यांतली प्रत्येक वाट सातबाऱ्याच्या दारातून जाते. कालव्याचे पाणी तर चढावर चढतच नाही. गायरानावर चाळीस वर्षे सोयाबीन, तूर, ज्वारी काढणारी बाई ह्या सगळ्या योजनांच्या दृष्टीने शेतकरीच नाही. तिचे पीक गारपिटीत गेले तर पंचनामाही होत नाही.

ह्यात विनोद असा की त्याच बाईसाठी सरकारने २००४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना काढली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन खरेदी करून द्यायची. आधी निम्मे अनुदान, निम्मे कर्ज. २०१८ पासून पूर्ण अनुदान, जिरायतीला एकरी पाच लाखांपर्यंत, बागायतीला आठ लाखांपर्यंत. पण त्या भावाने जमीन विकायला गावात कोण तयार होतो? आणि दलिताला विकायला? सरकार बाजारात जमीन शोधते आणि सापडत नाही म्हणते. जी ती कसते आहेच, ती मात्र नावावर करीत नाही.

आता विरुद्ध बाजू. ती टाळून चालणार नाही, आणि आपल्या लिखाणात ती बहुधा टाळली जाते. गायरान मोडले तर जनावरे कोठे चरतील? लाल कंधारी गुरे हे आमच्या भागाचे धन. धनगरांची मेंढरे ह्याच माळांवरून जातात. आणि दलित वस्तीतील परित्यक्तेची दोन शेरडेही तेथेच चरतात. गवत हे गरिबाचेही असते. एका भूमिहीनाने नांगर घातला की दुसऱ्या भूमिहीनाची शेळी हाकलली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माळ मोडल्याने मुरूम वाहून जातो, हेही खरे. परंतु चारा केवळ गायरान गेल्याने संपला हे मला मान्य नाही. ज्वारीचा कडबा हा आमच्या जनावरांचा मुख्य आधार. खालच्या काळ्या रानात ज्वारी जाऊन सोयाबीन आले तेव्हा कडबा गेला. त्या बदलाला कोणी अतिक्रमण म्हटले नाही. गवताची आठवण समाजाला नेमकी दलिताने नांगर हाती घेतल्यावर का होते?

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. खटला पंजाबातल्या तळ्याचा, आणि बळकावणारे धनदांडगे. पाठोपाठ १२ जुलै २०११ रोजी महाराष्ट्र शासनाने गायरानातील अतिक्रमणे नियमित करण्यावर बंदी आणली. कार्यकर्त्यांनी तो निकाल शेवटपर्यंत वाचावा. त्यातच अपवाद सांगितला आहे: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने जमीन दिली असेल तर, अथवा त्या जागी शाळा-दवाखाना असेल तर, नियमितीकरण होऊ शकते. हा परिच्छेद कचेऱ्यांत वाचला जात नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयापुढे शासनाने गायरानांवर दोन लाख बावीस हजारांवर अतिक्रमणे असल्याचे सांगितले. क्षेत्र सुमारे दहा हजार हेक्टर. सरासरी काढली तर एकाच्या वाट्याला पाच गुंठेही येत नाहीत. घरे आणि वावरे एकाच आकड्यात ओतली की असे होते, आणि मग नोटिसाही दोघांना एकच निघतात. २०२३ पासून सौर कृषी वाहिनीच्या नव्या योजनेत सरकारी जमिनींवर, गायरानांवरही, वीजप्रकल्प उभे करायला आरंभ झाला. तेव्हा गुरे कोठे चरतील हा प्रश्न मागे पडला.

ह्या जिल्ह्यात शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या वाचकांना एक काम सुचवतो. आपल्या गावच्या एक-ई नोंदवहीची १९६५ ते १९९१ पर्यंतची पाने माहितीच्या अधिकाराखाली मागा. ती पाने जीर्ण आहेत आणि काही ठिकाणी मोडी-उर्दूच्या जुन्या दप्तरांखाली दडपली आहेत. गट क्रमांक, नाव, साल, पीक, दंड, एवढे उतरवून घ्या आणि वस्तीत जाऊन पावत्यांशी ताडून पाहा. पावत्या बहुतेक पुरुषांच्या नावे आहेत. ते पुरुष आता हयात नाहीत. त्यांच्या विधवांची आणि सुनांची नावे वेगळ्या रकान्यात लिहा, कारण तहसिलीत वारसाचा प्रश्न पहिला विचारला जातो.